धरणापुढे अडलेल्या माशांची बाजू घेणारा थोरो

हेन्री डेव्हिड थोरो म्हटलं की गांधीजी आठवतात. गुलामगिरी चालू देणाऱ्या सरकारला कर देणार नाही, म्हणून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढणारा हा माणूस. पण त्याने माशांचीही बाजू घेतली होती, हे फार जणांना माहीत नसतं.

थोरोचा जन्म १८१७ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या कॉन्कर्ड गावातला. १८३९ मध्ये तो आणि त्याचा भाऊ जॉन स्वतः बांधलेल्या होडीतून कॉन्कर्ड आणि मेरिमॅक नद्यांवर फिरले. तीनच वर्षांत धनुर्वाताने जॉन गेला. त्याच्या आठवणीत थोरोने या प्रवासावर पुस्तक लिहिलं.

त्यात एक व्यथा होती शॅड माशाची. बंगालच्या हिलसासारखा हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला नदीत वर चढतो. बिलेरिकाचं धरण आणि लोवेलच्या गिरण्यांनी त्याची वाट अडवली. माशांची तक्रार ऐकणार कोण, असं थोरोने विचारलं. त्या धरणावर पहार चालवण्याचा विचारही त्याने छापून टाकला.

१८४९ मध्ये पुस्तकाच्या १००० प्रती निघाल्या. चार वर्षांनी न खपलेल्या ७०६ प्रती त्याच्याच घरी परत आल्या. १८६२ मध्ये, ४४ व्या वर्षी, क्षयाने तो गेला.

पुढे १९९९ मध्ये जवळच्याच मेन राज्यात, केनेबेक नदीवरचं १८३७ चं एडवर्ड्स धरण फोडलं गेलं. मालकाची इच्छा नसतानाही केंद्रीय यंत्रणेने तसा आदेश दिला होता, आणि त्यामागचं एक मोठं कारण होतं मासे.