औंधचे बाळासाहेब आणि माळावरचा कारखाना

मिरजेहून पुण्याकडे जाताना किर्लोस्करवाडीचे स्थानक लागते. त्याचे जुने नाव कुंडल रोड. तेथे पूर्वी निवडुंगाचा ओसाड माळ होता आणि तो औंध संस्थानच्या मुलखात होता, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल.

भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांचा जन्म १८६८ चा. आधीच्या राजास इंग्रजांनी पदच्युत केल्यावर १९०९ साली ते गादीवर आले. संस्थान म्हणजे आजच्या सातारा, सांगली व विजापूर जिल्ह्यांत विखुरलेली ७२ खेडी. खाणी नाहीत, बंदर नाही. आटपाडीकडे तर पाऊसही नाही. अशा मुलखात भांडवल घेऊन कोण येणार?

त्याच सुमारास लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडावयास लावली होती. बाळासाहेबांनी त्यांना माळ दिला, वर कर्जाऊ रक्कमही दिली. १९१० साली कारखाना उभा राहिला. इंग्रजी अमलात असा अर्ज किती टेबलांवरून फिरला असता कोण जाणे. औंधास राजाचा शब्द पुरे होता. पुढे १९१६ साली कऱ्हाड स्थानकाजवळ ओगले बंधूंचा काचकारखाना निघाला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोचला.

मात्र दोन्ही कारखाने रूळांच्या कडेला आहेत, हे विसरता कामा नये. खुद्द औंधला आगगाडी नव्हती. तेथे असा कारखाना झाला नाही. राजाची मर्जी काही मालाच्या वाघिणी ओढीत नाही!

एरवी बाळासाहेब म्हटले की सूर्यनमस्कार आणि चित्ररामायण आठवते. (व्यायामाच्या तासानंतर पाय दुखले की आम्हीही त्यांचे स्मरण करतो.) उद्योगधंद्यांचे शास्त्र त्यांनी मांडल्याचे दिसत नाही. माणूस पारखावा आणि त्याला अडवू नये, एवढीच त्यांची रीत. पण राजा बदलला तर? कारखानदाराने कोणाच्या भरवशावर यंत्रे आणावीत? या प्रश्नाला त्या रीतीत उत्तर नव्हते.

ज्या एकहाती सत्तेमुळे माळ झटपट मिळाला, ती सत्ता बाळासाहेबांनी १९३९ साली, गांधीजींच्या सल्ल्याने झालेल्या राज्यघटनेनुसार, आपण होऊन प्रजेच्या प्रतिनिधींकडे सोपविली. मला त्यांचे हे काम कारखान्यांहून मोठे वाटते.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान विलीन झाले. १९५१ साली बाळासाहेब वारले. ओगल्यांची भट्टी पुढे विझली. किर्लोस्करवाडीत मात्र आजही पंप तयार होतात.