कॅप्टन जेम्स फॉर्सिथ : सातपुड्याचा शिकारी आणि ‘एका बंदुकी’चा प्रश्न

भोपाळहून पिपरियामार्गे पचमढीस जाणाऱ्या प्रवाशाला तेथील ‘बायसन लॉज’ ही जुनी वास्तू हमखास दाखविण्यात येते. पचमढीतील ब्रिटिश अमदानीची ही पहिली वास्तू. ती १८६२ साली बांधणारा कॅप्टन जेम्स फॉर्सिथ पचमढीचा ‘शोधक’ म्हणून आपल्या प्रदेशात सर्वांना ठाऊक आहे. मात्र त्याने दोन ग्रंथ लिहिले आणि त्यांपैकी पहिला केवळ बंदूक व तिची गोळी या विषयावर होता, हे फार थोड्यांना माहीत असते. आफ्रिकेच्या माळरानावर प्रथमच शिकारीस निघालेला मनुष्य आजही जाणकारांना विचारतो, की लहान हरणापासून प्रचंड ईलँडपर्यंत सर्व सावजांस पुरे पडेल असे एकच काडतूस कोणते? तोच प्रश्न सुमारे एकशे साठ वर्षांपूर्वी सातपुड्याच्या जंगलात या तरुण अधिकाऱ्यासमोर उभा राहिला होता. त्याने दिलेले उत्तर पुढे मागे पडले. पण त्या उत्तरापर्यंत तो ज्या विचाराने पोहोचला, तो विचार अद्याप जुना झालेला नाही. त्याच्या अल्पायुषी जीवनाचा हा परिचय त्या अंगाने करून देण्याचा येथे प्रयत्न आहे.

फॉर्सिथचा जन्म १८३८ सालचा. विद्यापीठाचे शिक्षण घेऊन तो हिंदुस्थानात आला आणि बंगाल स्टाफ कोअरमध्ये अधिकारी झाला. तो काळ मोठा धामधुमीचा होता. नागपूरकर भोसल्यांचे राज्य खालसा होऊन फार वर्षे लोटली नव्हती. १८५८ च्या ऑक्टोबरअखेर तात्या टोपे यांनी नर्मदा ओलांडून सातपुड्यात प्रवेश केला होता, आणि त्याच डोंगरांत राजा भभूतसिंहाने १८६० पर्यंत इंग्रजांशी झुंज दिली होती. नर्मदेच्या उत्तरेस भोपाळमध्ये सिकंदर बेगम राज्य करीत होत्या. दक्षिणेस होशंगाबादचा मुलूख इंग्रजांकडे होता. नोव्हेंबर १८६१ मध्ये नागपूर राजधानी करून मध्य प्रांत निर्माण झाला. पुढच्याच वर्षी त्याची सूत्रे हाती घेणाऱ्या सर रिचर्ड टेंपल यांना आपल्या प्रांतात डोंगर किती, जंगल किती आणि माणसे कोणती, याची खरी माहिती हवी होती. ती मिळविण्याच्या कामी ज्या तरुण अधिकाऱ्यांची योजना झाली, त्यांत फॉर्सिथ होता. तेव्हा त्याचे वय अवघे चोवीस वर्षांचे होते.

पचमढीच्या शोधाचे साल म्हणून प्रवासी पुस्तिकांतून १८५७ हा आकडा वारंवार दिला जातो. पण फॉर्सिथचे तेथील वास्तव्य आणि लॉजची उभारणी या १८६२ मधील घटना आहेत. ‘शोध’ हा शब्दही जपूनच वापरावयास हवा. कोरकू आणि गोंड लोक त्या पठारावर पिढ्यान् पिढ्या राहत होते. महादेवाच्या यात्रेस दूरदूरचे यात्रेकरू येत होते. आजही शिवरात्रीला खांद्यावर त्रिशूळ घेऊन चौरागड चढणारे आणि श्रावणात नागद्वारीच्या वाटेने जाणारे असंख्य भाविक विदर्भातील मराठी लोक असतात. फॉर्सिथने पठार शोधले नाही. त्याने ते सरकारच्या नकाशावर आणि वाचकांच्या नजरेसमोर आणले. त्याचे लॉजही स्थानिक गोंड-कोरकूंच्या कष्टांवरच उभे राहिले, आणि रानातील वाटा त्याला दाखविल्या त्याही त्यांनीच.

या भटकंतीत बंदूक त्याच्या नित्याच्या सोबतीची होती. त्या काळी शिकार हा अधिकाऱ्याचा विरंगुळा होताच. शिवाय छावणीचे अन्न आणि गावकऱ्यांचे नरभक्षक वाघापासून रक्षण याही गोष्टी बंदुकीवर अवलंबून असत. अडचण होती ती या प्रदेशाच्या वैविध्याची. नर्मदाकाठच्या उघड्या काळ्या रानात काळवीट दिसे ते शे-दीडशे यार्डांवर. त्याचे वजन जेमतेम पस्तीस-चाळीस किलो. सागवानाच्या रानात चितळ आणि सांबर. सांबर दोनशे किलोंच्याही पुढे. झुडपांत दडलेला वाघ समोर येई तो वीस पावलांवर. आणि पचमढीच्या कड्यांखालील बांबूंच्या बेटांत वावरणारा गवा आठशे किलोंहूनही भारी. सकाळी माळावर निघालेल्या मनुष्याला दुपारी दरीत यांपैकी कोणाची गाठ पडेल, हे सांगता येत नसे. मग हाती कोणती बंदूक असावी?

तेव्हाच्या बंदुका बहुतेक ठासणीच्या होत्या. नळीच्या तोंडातून दारू घालावयाची, गोळी गजाने ठासावयाची आणि टोपी बसवून चाप ओढावयाचा, अशी ही पद्धत. ज्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून १८५७ चा वणवा भडकला, ती लांबट गोळी टाकणारी होती, आणि लष्करात लांबट गोळीचाच बोलबाला होता. अशी गोळी हवा कापीत दूरवर जाते, हे खरे. परंतु ती स्थिर राहावी म्हणून नळीच्या आतील पीळ जलद ठेवावा लागे. जलद पिळात दारू वाढविली तर मऊ शिशाची गोळी पीळ सोडून घसरे. म्हणून दारू बेताचीच घालावी लागे. परिणामी गोळीचा वेग कमी आणि मार्ग कमानीसारखा होई. कवायतीच्या मैदानावर अंतर मोजलेले असते, तेथे ही कमान चालून जाते. जंगलात सावज ऐंशी यार्डांवर आहे की एकशे तीस, हे क्षणात ठरवावे लागते. अंदाज चुकला की गोळी पाठीवरून जाते किंवा पोटात बसते. आणि पोटात गोळी लागलेले जनावर मैलोगणती फरफटत जाऊन कोठे तरी तळमळत मरते.

फॉर्सिथच्या पहिल्या ग्रंथाचा खरा विषय हाच आहे. शिकारी रायफल आणि तिच्या गोळ्या यांवरील हे पुस्तक १८६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लंडनमध्ये प्रसिद्ध झाले आणि पुढे त्याची दुसरी आवृत्तीही निघाली. त्यात त्याने प्रचलित मताविरुद्ध जाऊन मोठ्या व्यासाच्या वाटोळ्या गोळीचा पुरस्कार केला. नळीतील पीळ अगदी सावकाश ठेवावा, इतका की आठ फुटांहून अधिक लांबीत एक फेरा पूर्ण व्हावा. मग भरपूर दारू घालूनही गोळी पीळ सोडीत नाही, वेग वाढतो, आणि जंगलात ज्या अंतरावर गोळी झाडण्याचा प्रसंग येतो तेथपर्यंत तिचा मार्ग जवळजवळ सरळ राहतो. त्याच्या आवडीच्या चौदा बोरच्या बंदुकीचे उदाहरण घेऊ. एक पौंड शिशाच्या चौदा समान गोळ्या केल्या तर त्यांपैकी एक जिच्या नळीत बसेल, ती चौदा बोर. अशी एक गोळी सुमारे बत्तीस ग्रॅमची आणि साडेसतरा मिलिमीटर व्यासाची असते. ती रुंद जखम करते आणि वजनामुळे खोलही जाते. दूर अंतरावर वाटोळ्या गोळीचा वेग झपाट्याने ओसरतो, हा तिचा दोष त्याला ठाऊक होता. परंतु दूरवर गोळी झाडण्याची वेळ येथील रानात क्वचितच येते, तेव्हा त्या दुर्मीळ प्रसंगासाठी नेहमीच्या प्रसंगाचा बळी का द्यावा, असा त्याचा युक्तिवाद होता. प्रथम जनावर, मग अंतर, मग भूमी आणि सर्वांत शेवटी बंदूक, असा हा विचाराचा क्रम आहे.

काळाने त्याचे उत्तर लवकरच मागे टाकले. मागून भरावयाच्या बंदुका आणि धातूची काडतुसे आली, नंतर धूररहित दारू आली, आणि शिशावर कठीण धातूचे कवच चढल्यामुळे जलद पिळाची अडचणच नाहीशी झाली. १८७१ च्या सप्टेंबरात एकोणीस वर्षांचा फ्रेडरिक सेलूस दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरला. पुढे महान शिकारी म्हणून गाजलेल्या या तरुणाने हत्तीच्या शिकारीचा आरंभ चार बोरच्या अवजड ठासणीच्या बंदुकांनीच केला. त्याच्या हयातीतच सारे चित्र पालटले. १८९२ साली ७ × ५७ मिलिमीटरचे मॉझर काडतूस आले. जिम कॉर्बेटच्या वाचकांना परिचित असलेली त्याची.२७५ रिग्बी रायफल याच काडतुसाची. १९०६ साली अमेरिकेत थर्टी-ओ-सिक्स आले आणि १९१२ साली इंग्लंडमध्ये .३७५ होलंड अँड होलंड मॅग्नम.

आफ्रिकेतील माळरानाच्या पहिल्या शिकारीसाठी जाणकार आजही बहुधा या तिन्हींचीच नावे घेतात. तेथील प्रश्नही सातपुड्यासारखाच आहे. स्प्रिंगबोक चाळीस किलोंच्या आसपास, इम्पाला साठपर्यंत, कुडू दोनशेच्या पुढे आणि ईलँडचा नर नऊशे किलोंपर्यंत. थर्टी-ओ-सिक्सची १८० ग्रेनची गोळी जेमतेम पावणेबारा ग्रॅमची, म्हणजे फॉर्सिथच्या गोळीच्या एक-तृतीयांशाहून थोडी अधिक. परंतु नेम २०० यार्डांवर बसविला असता ती १०० यार्डांवर केवळ पाच सेंटिमीटर वर असते. जो सरळ मार्ग फॉर्सिथ शे-सव्वाशे यार्डांपर्यंत मिळवू पाहत होता, तो येथे दुप्पट अंतरापर्यंत सहज मिळतो. गोळी दणकट बांधणीची असेल आणि नेम खांद्यामागे नेमका असेल, तर ती ईलँडलाही पुरते. .३७५ अधिक समर्थ खरी, आणि रानरेडा किंवा सिंह यांच्यासाठी आफ्रिकेतील काही देशांत कायद्याने किमान तेवढा व्यास आवश्यकही मानला आहे. परंतु तिचा धक्का जबर असतो. नवखा मनुष्य धक्क्याच्या भीतीने चाप ओढताना डोळे मिटतो, आणि चुकलेल्या मोठ्या गोळीपेक्षा अचूक बसलेली मध्यम गोळी केव्हाही अधिक दयाळू ठरते. म्हणून केवळ माळावरची हरणेच मारावयाची असतील, तर नवख्यास थर्टी-ओ-सिक्स किंवा ७ × ५७ देणे शहाणपणाचे. काडतूस बदलले, पण क्रम फॉर्सिथचाच राहिला : जनावर, अंतर, भूमी, आणि त्यांत भर म्हणून चाप ओढणाऱ्याचा स्वतःचा आवाका.

फॉर्सिथ मात्र केवळ शिकारी नव्हता. १८६२ ते १८६४ या काळात तो अमरकंटकपर्यंत आणि छत्तीसगडच्या मैदानापलीकडील सालवृक्षांच्या अरण्यापर्यंत फिरला. त्याने प्रभारी वनसंरक्षक म्हणून काम केले. निमाड जिल्ह्याची जमीनमहसुलाची आकारणी केली. रेल्वेच्या स्लीपरांसाठी सागवानाची कशी बेसुमार तोड झाली, हे त्याने परखडपणे नोंदविले. नागपूरच्या स्टीफन हिस्लॉप यांनी जमविलेल्या गोंडांच्या लिंगो-कथेला त्याने इंग्रजी पद्यरूप दिले. पचमढीखालच्या देनवा खोऱ्यात, मुख्य सालवनापासून दूर तुटलेला सालाचा एक पट्टा आहे आणि त्यातच बारशिंगे व लाल रानकोंबडे आढळतात, हे त्याचे निरीक्षण तर निसर्गशास्त्राच्या दृष्टीने अमोल आहे. बंदुकीसाठी सावजाचा अभ्यास करता करता तो सावजाच्या घराचा अभ्यासक झाला होता. त्याच्या लेखनात आदिवासींविषयी साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा अहंभाव जागोजागी डोकावतो, आणि आजच्या वाचकाला तो खटकल्यावाचून राहत नाही, हेही नमूद केले पाहिजे.

मध्य भारताच्या डोंगराळ प्रदेशावरील त्याचा मोठा ग्रंथ छापखान्यात असतानाच १ मे १८७१ रोजी त्याचा अंत झाला. वय अवघे तेहतीस वर्षांचे. ज्या ग्रंथामुळे त्याचे नाव टिकले, तो प्रसिद्ध झालेला पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

त्यानंतर त्याच्या रानात बंदुकी मात्र वाढत गेल्या. देनवा खोऱ्यातील बारशिंगा नाहीसा झाला, आणि १९७० साली कान्ह्यात तो जेमतेम सहासष्ट उरला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचे युग संपविले. १९८१ मध्ये सातपुडा राष्ट्रीय उद्यान झाले. पुढे २०१५ च्या सुमारास सातपुड्यात बारशिंगे पुन्हा आणावयाचे ठरले, तेव्हा ते कान्ह्याहून आणले गेले, आणि ही भूमी मुळात त्यांचीच होती याची साक्ष देणाऱ्यांत दीडशे वर्षांपूर्वीच्या या शिकाऱ्याची नोंद होती. २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाच्या माळावरील चित्ते आपल्या राज्यातील कुनोच्या रानात उतरले. आफ्रिकेच्या माळाशी मध्य प्रदेशाचा संबंध असा बंदुकीविनाच जुळला.

फॉर्सिथने सुचविलेली बंदूक आज कोणी खांद्याला लावीत नाही, आणि आपल्या देशात तशी गरजही उरलेली नाही. त्याचे ग्रंथ मात्र वाचण्याजोगे आहेत. गोळी सुटण्यापूर्वी शिकाऱ्याला काय काय ठाऊक असावयास हवे, हे सांगण्यासाठी त्याने जे पाहिले आणि लिहून ठेवले, त्याचा उपयोग पुढे ते रान पुन्हा वसविणाऱ्यांना झाला.