गोमंतकातील औषधी वनस्पतींचा आद्य युरोपीय अभ्यासक : गार्सिया द ओर्ता

पणजीतील चर्चजवळच्या जुन्या म्युनिसिपल बागेत आपल्यापैकी बहुतेकांनी कधी ना कधी पाय टेकले असतील. या उद्यानाला गार्सिया द ओर्ता याचे नाव आहे. हे नाव कोणाचे, याची विचारणा मात्र क्वचितच होते. सोळाव्या शतकात सुमारे चौतीस वर्षे या भूमीत राहून येथील मुळ्या, साली, फळे व पाने पारखणाऱ्या या वैद्याचा परिचय वाचकांस करून द्यावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

ओर्ता याचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधील कास्तेलु द व्हीद या सरहद्दीवरील गावी झाला. वडील व्यापारी. कुटुंब मूळचे स्पेनमधील यहुदी. १४९२ मध्ये स्पेनच्या राजसत्तेने यहुद्यांना देशाबाहेर काढले तेव्हा ते पोर्तुगालमध्ये आले, आणि १४९७ मध्ये तेथेही सक्तीचे धर्मांतर त्यांच्या वाट्यास आले. अशा कुटुंबांस 'नवे ख्रिस्ती' म्हणत व त्यांच्या प्रत्येक आचारावर शेजाऱ्यापाजाऱ्यांची नजर असे. हा धागा वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण ओर्ताच्या मृत्यूनंतरही तो तुटला नाही.

सालामांका व आल्काला या स्पेनमधील विद्यापीठांत वैद्यक शिकून तो मायदेशी परतला, काही काळ गावीच व्यवसाय केला व पुढे लिस्बन विद्यापीठात अध्यापक झाला. १५३४ च्या मार्च महिन्यात मार्तिं आफोंसु द सौझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि सप्टेंबरमध्ये गोव्यात उतरला. प्रतिष्ठेची जागा सोडून त्याने इतका दूरचा प्रवास का पत्करला असावा? दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये इन्क्विझिशनची स्थापना झाली, ही गोष्ट या संदर्भात पुरेशी बोलकी आहे.

आरंभीची काही वर्षे सौझाबरोबर दीव व काठेवाडच्या मोहिमांत गेली. त्यानंतर तो गोव्यात स्थिरावला. व्यवसाय उत्तम चालला. गव्हर्नर व व्हाइसरॉय त्याचे रुग्ण होतेच, शिवाय अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशाह याच्याकडेही तो उपचारांसाठी जात असे. त्या दरबारात अरब व इराणी हकिमांशी त्याच्या चर्चा होत. गोव्यात मालुपा नावाच्या हिंदू वैद्याकडून त्याने माहिती घेतल्याचा उल्लेख त्याच्या ग्रंथात आहे. पुढे मुंबई बेट त्याला खंडाने मिळाले. तेथील आपल्या एका आंब्याच्या झाडाला वर्षातून दोनदा फळे येतात, हे त्याने मोठ्या कौतुकाने नोंदवून ठेवले आहे. घारापुरीची लेणीही त्याने पाहिली व त्यांचे वर्णन लिहिले.

१० एप्रिल १५६३ रोजी त्याचा पोर्तुगीज ग्रंथ गोव्यात छापून प्रसिद्ध झाला. गोव्यात मुद्रणयंत्र येऊन तेव्हा अवघी सात वर्षे झाली होती. भारतातील साध्या औषधी द्रव्यांविषयीचे संवाद, असे त्याचे स्वरूप आहे. पोर्तुगीजांचा महाकवी कामोंइश याची छापून आलेली पहिली कविता याच ग्रंथाच्या आरंभी आहे, असे मानले जाते. ग्रंथात दोन वैद्य बोलतात. एक स्वतः ओर्ता, दुसरा स्पेनहून नुकताच आलेला काल्पनिक रुआनु. रुआनु प्रत्येक वेळी ग्रीक व रोमन आचार्यांचा हवाला देतो, आणि ओर्ता त्याच्यासमोर प्रत्यक्ष वस्तू ठेवतो. मधूनच नोकर येतात, रुग्ण येतात, जेवणाची वेळ होते. आजही हा ग्रंथ वाचनीय वाटतो तो यामुळेच.

औषधाची ओळख चुकली तर रुग्णाच्या जिवावर बेतते, आणि त्या काळी युरोपातील ओळखी बव्हंशी ऐकीव होत्या. वस्तू मसाल्यांच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून फिरत फिरत वाळून पोहोचे, झाड कोणी पाहिलेले नसे. चिंचेला अरबी व्यापारी 'हिंदी खजूर' अशा अर्थाचे नाव देत. त्यावरून ती एखाद्या रानटी खजुराचे फळ असावी, असा समज तिकडे होता. तो ओर्ताने खोडून काढला. विड्याचे पान व तमालपत्र या दोन अगदी निराळ्या वस्तू आहेत, हेही त्याला समजावून सांगावे लागले. आपल्या घरातील लहान मुलालाही ठाऊक असलेली ही गोष्ट तेथील पंडितांना ठाऊक नव्हती, याची मौज वाटते. हळद, हिरडा, निशोत्तर, चंदन, वेलदोडा, नारळ, भांग, अफू अशी कितीतरी प्रकरणे या ग्रंथात आहेत.

मोडशीचे, म्हणजे पटकीचे, त्याने केलेले वर्णन आशियातील या रोगाच्या युरोपीय वर्णनांत फार आरंभीचे गणले जाते. खोल गेलेले डोळे, मंदावलेली नाडी, थंड पडलेले हातपाय, पेटके, आणि थोड्याच काळात मृत्यू, हे सारे त्यात आहे. रोगाचे स्थानिक नाव त्याने आपल्या भाषेतूनच घेतले. पेजेत मिरी व जिरे घालून देण्याचा येथील वैद्यांचा उपायही त्याने लिहिला आहे.

धोतऱ्याचे प्रकरण तर वैद्यकाच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. चोर अन्नातून धोतरा देत, माणूस भान हरपून हसत सुटे व समोर घर लुटले जात असतानाही त्याला काही कळत नसे. आज याचे कारण ज्ञात आहे. धोतऱ्यातील हायोसायमीन, अ‍ॅट्रोपिन व स्कोपोलामीन ही अल्कलॉइडे मज्जातंतूंच्या टोकांशी अ‍ॅसिटिलकोलीनचे कार्य रोखतात. त्यामुळे तोंड कोरडे पडते, बाहुल्या विस्फारतात आणि भ्रम होतो. ओर्ताच्या काळी रसायनशास्त्र या पायरीवर आलेले नव्हते. चव, गंध, रंग आणि रुग्णावर दिसणारा परिणाम एवढीच त्याची साधने होती. सिंहलद्वीपातील सर्पविषावरच्या 'नागलाकडा'चे तीन प्रकार त्याने दिले आहेत व मुंगसाची कथाही सांगितली आहे. त्यांतील एक प्रकार सर्पगंधा असावा, असे काही अभ्यासकांचे मत आहे. सर्पगंधेचा रक्तदाबावरील उपयोग मुंबईचे डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी १९४९ मध्ये जगापुढे मांडला आणि १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधील संशोधकांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळे केले.

त्याच्या चुकाही सांगितल्या पाहिजेत. काळी व पांढरी मिरी निरनिराळ्या वेलींची, असे त्याने लिहिले. वस्तुतः वेल एकच, फळाची साल काढली की मिरी पांढरी होते. येथील वैद्यांना शरीररचनेचे ज्ञान नाही, असा शेराही त्याने मारला. संस्कृत ग्रंथांपर्यंत तो पोहोचला नव्हता, हे येथे विसरता येत नाही. आणखी एक खुलासा करावासा वाटतो. कोकमाच्या शास्त्रीय नावातील 'गार्सिनिया' हा शब्द ओर्तावरून आलेला नाही, तो लॉरां गार्सां या नंतरच्या वनस्पतितज्ज्ञावरून आला आहे. हा गोंधळ सुशिक्षितांतही आढळतो.

ग्रंथाची प्रत १५६४ मध्ये लिस्बनमध्ये क्लुसियस या वनस्पतितज्ज्ञाच्या हाती पडली. त्याने लॅटिनमध्ये केलेला संक्षेप १५६७ मध्ये अँटवर्पला छापला गेला आणि युरोपभर वाचला गेला. पुढच्याच वर्षी, १५६८ मध्ये, ओर्ता गोव्यात निवर्तला.

गोव्यातही १५६० पासून इन्क्विझिशन सुरू झाले होते. तिसवाडीतील देवळे त्यापूर्वीच, १५४० मध्ये, पाडली गेली होती व अनेक देवता नदीपलीकडे नेल्या गेल्या होत्या. ओर्ता हयात असेपर्यंत बड्यांच्या स्नेहाने त्याचे रक्षण केले. त्याच्या मृत्यूनंतर लवकरच त्याची बहीण कातारिना हिला अटक झाली. यहुदी धर्म गुप्तपणे पाळल्याच्या आरोपावरून २५ ऑक्टोबर १५६९ रोजी तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत ओर्ताचेही नाव निघाले. मेलेल्या माणसावर खटला चालला, तो दोषी ठरला, आणि ४ डिसेंबर १५८० रोजी त्याच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या.

कोंदि द फिकाल्यु याने १८८६ मध्ये त्याचे चरित्र लिहिले तेव्हा या खटल्याची त्याला कल्पना नव्हती. १९३४ मध्ये सिल्वा कार्वाल्यु या संशोधकाने इन्क्विझिशनची कागदपत्रे प्रकाशात आणली, तेव्हा ही हकीकत जगाला समजली. १९७१ मध्ये पोर्तुगालने वीस एस्कुदोंच्या नोटेवर ओर्ताचे चित्र छापले.