उन्हाची वाट पाहणारा पुस्तकविक्रेता

लंडनच्या चीपसाइड भागात फ्रेडरिक इव्हान्स यांचे पुस्तकांचे दुकान होते. जवळच्या विमा कचेरीतला एक कारकून जेवणाच्या सुट्टीत तिथे यायचा. खिसा रिकामा, म्हणून चित्रे देऊन पुस्तके न्यायचा. हा पोरगा म्हणजे ऑब्रे बिअर्डस्ले. इव्हान्सनीच प्रकाशक डेंट यांच्याकडे शब्द टाकला आणि त्याला पहिले मोठे काम मिळाले. लांबसडक बोटांत धरलेला त्याचा किडकिडीत चेहरा आज आपण ओळखतो तोही इव्हान्सच्या छायाचित्रातून. १८९८ साली, अवघ्या पंचविशीत, बिअर्डस्ले क्षयाने गेला. त्याच वर्षी इव्हान्सनी दुकान सोडले आणि कॅमेरा घेऊन जुनी कॅथेड्रल्स गाठली.

तिथे त्यांचा मुक्काम आठवडेच्या आठवडे असे. कोणत्या खांबावर ऊन केव्हा येते, हे आधी नुसते पाहायचे. खुर्च्या हलवून घ्यायच्या. मात्र निगेटिव्हवर ब्रश फिरवायचा नाही, हा त्यांचा हट्ट. १९०३ साली वेल्सच्या कॅथेड्रलमध्ये, शतकानुशतकांच्या पावलांनी झिजलेल्या पायऱ्या त्यांनी टिपल्या. चित्राला नाव दिले ‘पायऱ्यांचा समुद्र’. पाहिल्यावर नाव पटते!

हे सारे छापले जाई प्लॅटिनमच्या कागदावर. विल्यम विलिस यांनी १८७३ साली या पद्धतीचे पेटंट घेतले होते. कागदावर लोहाचा आणि प्लॅटिनमचा क्षार. त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरायचे. म्हणजे चित्र हवे तेवढीच मोठी निगेटिव्ह हवी. उन्हात पुसटशीच आकृती उमटते. ऑक्झलेटच्या द्रावणात बुडवली की क्षाराचा धातू होतो आणि चित्र उजळून येते. मग सौम्य आम्लात धुऊन लोह काढून टाकायचे. धातू कागदाच्या धाग्यांतच बसतो. त्यामुळे चकाकी नाही, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या छटा मोजता येऊ नयेत इतक्या. दगडावरच्या अंधूक उजेडाला याहून जवळचा कागद नव्हता.

पहिल्या महायुद्धात स्फोटकांच्या कारखान्यांना प्लॅटिनम हवे झाले. भाव कडाडले. कंपन्यांनी स्वस्त पॅलॅडियमचा कागद काढला. अनेकांनी तो आनंदाने घेतला. इव्हान्सचे मन त्यात रमले नाही. हा थोडा अतिरेकच, असे कुणाला वाटेल. पण ज्याला ऊन दगडावर कसे उतरते हे ठाऊक, त्याने दुसऱ्या कागदाशी जमवून का घ्यावे? त्यांनी छायाचित्रण जवळजवळ सोडूनच दिले. १९४३ साली ते गेले, तेव्हा नव्वदी गाठायला आली होती.