हासिंतो आराउसचा डॉक्टर : डॉ. रेने फावालोरो

बायपास हा शब्द आता आपल्या घराघरांत पोहोचला आहे. आपल्या धर्मग्रामांत असा एखादा तरी ज्येष्ठ बंधू किंवा भगिनी सापडते, जिच्या छातीवर त्या शस्त्रक्रियेचा उभा व्रण आहे. ही शस्त्रक्रिया जगभर रूढ करणाऱ्या डॉक्टरचे नाव मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. अर्जेंटिना देशाचे डॉ. रेने फावालोरो हे ते नाव. तथापि आम्ही आज त्यांचे स्मरण करीत आहोत ते केवळ त्या शस्त्रक्रियेसाठी नव्हे. त्यांच्या आयुष्याची बारा वर्षे एका धुळीने भरलेल्या खेड्यात गेली. त्या वर्षांची दखल जगाने घ्यावी तेवढी घेतली नाही, असे आम्हांस वाटते.

रेने यांचा जन्म १२ जुलै १९२३ रोजी ला प्लाता या शहरातील एका कामगार वस्तीत झाला. आजी-आजोबा इटलीतील सिसिली प्रांतातून पोटासाठी देशांतर करून आलेले. वडील सुतारकाम करीत, आई कपडे शिवीत असे. लाकडाला आकार देणारे वडिलांचे हात मुलाने लहानपणापासून पाहिले. आजीने त्याला मातीची आणि झाडापेरांची ओढ लावली. पुढे डॉक्टरेटचा प्रबंध त्यांनी या आजीलाच अर्पण केला.

ला प्लाता विद्यापीठातून १९४९ साली ते वैद्यकीय पदवीधर झाले. ज्या इस्पितळात त्यांनी उमेदवारी केली होती तेथेच त्यांना नोकरी मिळण्याची चिन्हे होती, आणि एक हुशार शल्यविशारद म्हणून त्यांचा मार्ग आखलेला होता. परंतु नेमणुकीच्या कागदांवर सत्ताधारी पक्षाच्या तत्त्वांशी निष्ठा असल्याचे लिहून द्यावयाचे होते. तरुण रेने यांनी सही करण्यास नकार दिला. गुणवत्तेवर मिळालेल्या जागेसाठी पक्षनिष्ठेची पावती का द्यावी, हे त्यांच्या मनाला पटले नाही. नोकरी गेली.

त्याच सुमारास काकांचे पत्र आले. ला पाम्पा प्रांतातील हासिंतो आराउस या गावचे एकुलते एक डॉक्टर, डॉ. राशू, आजारी पडले होते आणि उपचारांसाठी राजधानीला जाईपर्यंत त्यांच्या जागी कोणीतरी हवे होते. काही महिन्यांचीच गोष्ट होती. मे १९५० मध्ये रेने आगगाडीने त्या गावी उतरले. डॉ. राशू यांना फुफ्फुसाचा कर्करोग होता. ते पुन्हा रुग्ण तपासायला बसले नाहीत आणि थोड्याच महिन्यांत निवर्तले. तात्पुरता आलेला डॉक्टर बारा वर्षे तेथेच राहिला.

ते गाव कसे होते याची कल्पना आपण करून पाहावी. लोकसंख्या साडेतीन हजारांच्या आसपास. सभोवार कोरडे माळरान, पाऊस बेभरवशाचा, वाऱ्याबरोबर उडणारी वाळू. गहू पिकवणारे आणि गुरे राखणारे कष्टकरी लोक. त्यांत कॅथलिक होते, तसेच मूळचे इटलीतील वाल्देन्सियन पंथाचे प्रॉटेस्टंटही होते. रस्ते कच्चे होते. बाळंतपणात जंतुसंसर्ग होई, तान्ही बाळे दगावत, मुलांचे पोषण नीट होत नसे. गावात अडलेल्या रुग्णासाठी मोठे इस्पितळ फार दूर होते.

डॉ. रेने यांनी १९५१ साली शाळेपासूनच्या मैत्रीण मारिया अंतोनिया यांच्याशी विवाह केला. पुढे त्यांचा धाकटा भाऊ हुआन होसे हाही डॉक्टर होऊन त्यांना येऊन मिळाला. दोघा भावांनी मिळून एक जुने घर दवाखान्यात बदलले. शस्त्रक्रियेची खोली, क्ष-किरण यंत्र, तपासणीची छोटी प्रयोगशाळा ही सारी सोय हळूहळू उभी राहिली.

पण आम्हांस जे अधिक मोलाचे वाटते ते दवाखान्याच्या भिंतींबाहेर घडले. गावातील सुईणींना त्यांनी हिणवले नाही. त्यांना जवळ बसवून स्वच्छतेचे आणि निर्जंतुकीकरणाचे धडे दिले. शाळांतील शिक्षकांना हाताशी धरून मुलांच्या आरोग्याची शिकवण घरोघरी नेली. आयांना बाळाचा आहार समजावला. परिचारिका गावातूनच तयार केल्या. रक्तपेढी काढणे तेव्हा शक्यच नव्हते, म्हणून त्यांनी गावकऱ्यांचे रक्तगट तपासून ठेवले. गरज पडली की त्या गटाचा माणूस निरोप मिळताच हजर होई. शीतकपाट नाही, बाटल्या नाहीत, पण अवघे गावच रक्तपेढी झाले होते! थोड्याच वर्षांत बाळंतपणातील संसर्ग जवळजवळ नाहीसे झाले, कुपोषण घटले आणि बालमृत्यूंचे प्रमाण लक्षणीय खाली आले. यासाठी कोणताही पुरस्कार नव्हता, आणि छायाचित्र काढावयासही कोणी आले नाही.

या साऱ्या काळात ते वैद्यकीय नियतकालिके वाचत आणि अधूनमधून ला प्लाता येथे जाऊन नवे शिकून येत. हृदयावरील शस्त्रक्रियांच्या वार्ता त्यांना खुणावू लागल्या. आपले जुने प्राध्यापक डॉ. माइनेत्ती यांच्या सल्ल्याने ते १९६२ साली अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिक येथे दाखल झाले. वय एकोणचाळीस, इंग्रजी मोडकेतोडके आणि त्या देशात वैद्यकीय व्यवसायाचा परवानाही नाही. प्रारंभी त्यांनी मिळेल ते काम केले. रुग्णांना ने-आण करणे, यंत्रे धुणे यातही कमीपणा मानला नाही. दिवसाचे काम संपले की डॉ. मेसन सोन्स यांनी जमवलेल्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या चित्रफिती ते तासन्‌तास पाहत बसत.

त्या अभ्यासातून ९ मे १९६७ चा दिवस उगवला. एका ५१ वर्षांच्या स्त्रीच्या हृदयाची उजवी रोहिणी पूर्ण बंद झाली होती. डॉ. फावालोरो यांनी तिच्याच पायातील शिरेचा तुकडा काढून अडथळ्याला वळसा घालणारी नवी वाट रक्ताला करून दिली. याआधी अन्य शल्यविशारदांनी असे तुरळक प्रयत्न केले होते, हे येथे नमूद केले पाहिजे. फावालोरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत शिस्तीने बसवली, १९६८ मध्ये शास्त्रीय नियतकालिकात मांडली आणि इतरांना शिकवली. त्यांना बायपासचे जनक म्हटलेले आवडत नसे. हे अनेकांचे काम आहे, एकट्याचे नव्हे, असा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत राहिला. गावच्या रक्तदात्यांकडून आणि सुईणींकडून शिकलेला हा धडा असावा, असे आमचे अनुमान आहे.

अमेरिकेत पैसा आणि कीर्ती दोन्ही हात जोडून उभी होती. तरी १९७१ साली ते मायदेशी परतले. १९७५ मध्ये त्यांनी आपली संस्था स्थापन केली आणि १९९२ मध्ये ब्युनोस आयर्स येथे हृदयरोगाचे सुसज्ज इस्पितळ सुरू झाले. लॅटिन अमेरिकेच्या देशादेशांतून आलेल्या चारशेहून अधिक तरुण डॉक्टरांनी त्यांच्याकडे शिक्षण घेतले. दूरचित्रवाणीवर येऊन ते सामान्य माणसाला आजार टाळण्याच्या गोष्टी सांगत. खेड्यातील अनुभवांवर १९८० साली त्यांनी एक पुस्तकही लिहिले. जगप्रसिद्ध शल्यविशारद झाल्यावरही स्वतःला ग्रामीण डॉक्टर म्हणवून घेण्यात त्यांना संकोच वाटला नाही, हे त्या पुस्तकाच्या नावावरूनच कळते.

पैसे नाहीत म्हणून रुग्णाला दारातून परत पाठवणे त्यांना मान्य नव्हते. परंतु नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अर्जेंटिना आर्थिक संकटात सापडला. सरकारी आणि कामगार संघटनांच्या विमा योजनांकडून संस्थेचे मोठे येणे थकले. कर्जाचा डोंगर वाढत गेला. सहकाऱ्यांना कामावरून काढण्याची वेळ आली. १९९८ मध्ये पत्नी मारिया अंतोनिया यांचे निधन झाले होते. डॉक्टरांनी बड्या लोकांच्या दारी मदतीचे शब्द टाकले, देशाच्या राष्ट्राध्यक्षांनाही पत्र लिहिले. मदत आली नाही. २९ जुलै २००० रोजी, सत्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी स्वतःच आपले जीवन संपवले.

हे लिहिताना आमचा हात अडखळतो. जीवन हे देवाचे दान आहे, ही आपली श्रद्धा. मात्र त्या अंधाराचा न्यायनिवाडा करण्याचा अधिकार आम्हांला नाही. ख्रिस्तसभाही अशा व्यक्तींसाठी प्रार्थना करते आणि त्यांना देवाच्या दयेच्या स्वाधीन करते. हजारो हृदयांची काळजी वाहणारा माणूस स्वतः किती एकटा पडला होता, एवढेच आम्हांस दिसते.

त्यांच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांच्या आतच, २४ सप्टेंबर २००० रोजी, पहिला जागतिक हृदय दिन पाळला गेला. आता तो २९ सप्टेंबरला असतो. त्या निमित्ताने आपल्याकडेही शिबिरे भरतात, रक्तदाब मोजला जातो, मीठ आणि तंबाखू यांविषयी व्याख्याने होतात. सत्कार होतात ते बहुधा मोठ्या शल्यविशारदांचे आणि ते योग्यच आहे. पण वाडीवस्तीवर जाऊन वृद्धांचा रक्तदाब नोंदवणाऱ्या आशाताईंना, किंवा घसादुखीने तापलेल्या मुलाला वेळीच दवाखान्यात पाठवून संधिवाताच्या तापापासून त्याच्या हृदयाच्या झडपा वाचवणाऱ्या शिक्षिकेला, व्यासपीठावर कोणी बोलावल्याचे आम्ही क्वचितच पाहिले आहे. हासिंतो आराउसमध्ये डॉक्टरांनी ज्यांच्यावर भिस्त ठेवली ती अशीच माणसे होती.

संस्थेवर आलेले संकट पुढे निवळले आणि त्यांचे इस्पितळ त्यांच्या पश्चात चालू राहिले. डॉक्टरांच्या अस्थी मात्र राजधानीत ठेवल्या गेल्या नाहीत. ज्या गावी ते काही महिन्यांसाठी म्हणून आगगाडीतून उतरले होते, त्या हासिंतो आराउसच्या मातीत त्या विखुरण्यात आल्या.