कार्ल युंग : मंडलातून मनाकडे

‘मंडळ’ हा शब्द आपल्या रोजच्या बोलण्यातला. भजनी मंडळ, महिला मंडळ आणि आपले हे मंडळही. संस्कृतात ‘मंडल’ म्हणजे वर्तुळ. मध्यभागी बिंदू, भोवती वर्तुळे आणि चौकोन, चार दिशांना चार दारे, अशी मंडले हिंदू व बौद्ध उपासनेत ध्यानासाठी फार पूर्वीपासून वापरली जातात. आज मंडलांच्या छापील वह्या घरोघरी मुले रंगवताना दिसतात. या आकृतीचा मनाच्या आरोग्याशी असलेला संबंध पाश्चात्त्य जगापुढे मांडणारे स्विस मनोवैद्य कार्ल गुस्ताव युंग यांची ओळख आज आपण करून घेऊ.

युंग यांचा जन्म २६ जुलै १८७५ रोजी स्वित्झर्लंडमधील केसविल या गावी झाला. वडील पाद्री होते. वैद्यकीचे शिक्षण घेऊन १९०० मध्ये ते झुरिचच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. १९०७ मध्ये त्यांची सिग्मंड फ्रॉइड यांच्याशी भेट झाली. वयाने मोठे असलेले फ्रॉइड त्यांना आपला वारसदार मानू लागले. पण मतभेद वाढत गेले आणि १९१३ मध्ये हे नाते तुटले. पुढच्याच वर्षी युंग यांनी विद्यापीठातील अध्यापनही सोडले.

तो काळ त्यांच्यासाठी फार कठीण होता. डोळ्यांपुढे भीतिदायक दृश्ये येत. इतरांची मने सांभाळणाऱ्या या डॉक्टरला आपलेच मन हातचे जाईल अशी धास्ती वाटू लागली. पत्नी एम्मा, पाच मुले आणि रोजचे रुग्ण यांनी त्यांना जमिनीवर धरून ठेवले. जे दिसे ते लिहायचे, त्याची चित्रे काढायची, असा नेम त्यांनी धरला. १९१६ मध्ये त्यांच्या हातून पहिले मंडल उतरले. त्याचा अर्थ तेव्हा त्यांनाच उमगला नव्हता.

महायुद्धाच्या अखेरीस, १९१८-१९ मध्ये, शातो-दे येथे इंग्रज युद्धबंद्यांच्या छावणीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. तिथे ते रोज सकाळी वहीत एक लहानसे वर्तुळ काढत. एकदा एका ओळखीच्या बाईंचे पत्र आले. युंग यांच्या चित्रांना कला म्हणावे, असा त्यांचा आग्रह होता. युंग वैतागले आणि दुसऱ्या दिवशीच्या मंडलाची कड एका जागी फुटलेली निघाली! मन जसे असेल तसे मंडल उतरते, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आले. सगळ्या वाटा शेवटी एका मध्याकडे येतात आणि तो मध्य म्हणजे माणसाचे समग्र स्वत्व, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

१९२८ मध्ये त्यांनी सोन्याच्या किल्ल्याचे एक मंडल रंगवले. ते त्यांना का कोण जाणे, चिनी वाटले. थोड्याच दिवसांत रिचर्ड विल्हेल्म यांनी एका जुन्या चिनी ग्रंथाचा अनुवाद त्यांच्याकडे पाठवला. आपल्याला एकट्याला सापडले असे जे वाटत होते, ते पूर्वेकडे शतकानुशतके ठाऊक होते, हे पाहून त्यांचा एकटेपणा सरला.

१९३७ च्या अखेरीस भारतीय विज्ञान काँग्रेसच्या रौप्यमहोत्सवाच्या निमंत्रणावरून ते भारतात आले. अलाहाबाद, बनारस आणि कलकत्ता विद्यापीठांनी त्यांना मानद पदव्या दिल्या. आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेल्या सांचीच्या स्तूपाने ते हेलावून गेले. लहान घंटा वाजवीत, मंत्र म्हणत स्तूपाला प्रदक्षिणा घालणारे जपानी यात्रेकरू त्यांनी तिथे पाहिले. दार्जिलिंगजवळच्या मठातील एका लामांनी त्यांना समजावले, की खरे मंडल भिंतीवर नसते. साधक ते मनात हळूहळू घडवतो आणि एकासारखे दुसरे कधीच नसते.

६ जून १९६१ रोजी क्यूसनाख्त येथील घरी युंग यांचे निधन झाले. कठीण काळातील लेखन आणि चित्रे ज्यात आहेत ते त्यांचे ‘लाल पुस्तक’ २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

युंग यांनी मंडल रुग्णांच्या उपचारातही आणले. मात्र चित्र सुंदर आहे की नाही, हा प्रश्न तिथे नसे. म्हणून सुट्टीत मुलांना छापील वहीबरोबर एक कोरा कागद आणि एक वाटीही देऊ या. वाटी पालथी ठेवून वर्तुळ आखायचे. आत काय भरायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. कड फुटली तरी खोडायची नाही. आपण मोठ्यांनीही शेजारी बसून एक काढावे.