यशवंतराव आणि संरक्षणाचा हिशेब

चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, २१ नोव्हेंबर १९६२ रोजी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची सूत्रे हाती घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावल्याचे कौतुक महाराष्ट्राने पुष्कळ केले. दिल्लीत त्यांची गाठ पडली ती पराभवाने खचलेल्या सैन्याशी आणि जुनाट शस्त्रांशी.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे जन्मलेल्या, वडील लवकर गेल्याने आई विठाबाईंच्या कष्टांवर वाढलेल्या या माणसाला चणचण नवी नव्हती. आता मात्र प्रश्न देशाच्या तिजोरीचा होता. १९६३-६४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रुपये ठेवले गेले. दोनच वर्षांपूर्वीचा खर्च सव्वातीनशे कोटींच्या आत होता. मोरारजी देसाईंचे वाढीव कर, सक्तीची बचत आणि सुवर्णनियंत्रण सामान्य माणसाने सोसले ते याच काळात.

पैसा मंजूर झाला की सैन्य उभे राहते, असे नाही. लष्कराची संख्या सव्वाआठ लाखांवर नेण्याचे ठरले, डोंगरी युद्धासाठी स्वतंत्र डिव्हिजन उभारायच्या होत्या. पण अधिकारी कोठून आणायचे? आणीबाणीच्या नेमणुका देऊन, प्रशिक्षणाचा काळ कमी करून ते मिळवावे लागले. शस्त्रांचे दुखणे याहून अवघड होते. त्यांना परकीय चलन लागे आणि विकणाऱ्याची मर्जीही. मे १९६४ मध्ये यशवंतराव अमेरिकेला गेले. एफ-१०४ विमाने काही मिळाली नाहीत. नेहरूंच्या निधनाने तो दौराही अर्धवट राहिला. सप्टेंबरमध्ये मॉस्कोत मात्र करार झाला. मिग-२१ देशात बांधण्याच्या कामातला एक कारखाना नाशिकजवळ ओझरला उभा राहिला, ही महाराष्ट्राची मोठीच कमाई.

कारखान्याची फळे वर्षानुवर्षे चाखता येत नाहीत, हे १९६५ ने दाखवले. ते युद्ध मुख्यतः हाताशी होते त्याच रणगाड्यांवर आणि नॅटसारख्या विमानांवर लढले गेले. १ सप्टेंबरला हवाई दल वापरण्याचा निर्णय यशवंतरावांनी तातडीने घेतला. त्यांच्या कारकिर्दीतील हा सर्वांत धाडसी निर्णय म्हणावा लागेल. पुढच्याच वर्षी दुष्काळ आणि रुपयाचे अवमूल्यन यांनी तिजोरीची ओढाताण उघड केली. नोव्हेंबर १९६६ मध्ये ते गृहखात्यात गेले.

१९७० साली ते अर्थमंत्री झाले आणि टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसले. बांगलादेशच्या निर्वासितांचा आणि युद्धाचा खर्च आता त्यांनाच भागवायचा होता. त्यांच्या संरक्षणमंत्रिपदाच्या काळात ठरलेली ‘नीलगिरी’ ही युद्धनौका माझगाव गोदीत बांधून १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, तेव्हाही अर्थखाते त्यांच्याकडेच होते. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले.